गोगलगायीला लावलेलं दार

सौ. वन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे म्हणून अर्धीच वाकले आहे, उरलेला नमस्कार भेटीत करीन.) इकडे सगळं ठीक. तुमचे बंधू गुडघे सोडून बाकी ठीक. तुमचा रक्तदाब, भावोजींचं पोट आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या छताची ती ओल, या सगळ्यांची मी मनापासून चौकशी केली असं समजा, कारण मला मुद्द्यावर यायची घाई आहे. खरं सांगायचं तर घाई आहे तेवढीच भीतीही आहे, त्यामुळे वाटेत कुठे रेंगाळले तर रागावू नका. फोन का केला नाही असं तुमच्या मनात येईल. केला होता. तुमचा 'हॅलो' ऐकला आणि ठेवून दिला. परवा तुम्हाला तो कुणीच न बोललेला फोन आला ना, तो माझा. फोन ठेवायच्या आत तुम्ही जे काही बोललात ते बरोबर पत्त्यावर पोचलं. (शाळा माझी चौथीत सुटली, तेव्हा अक्षराकडे आणि ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका. तुमचे बंधू तपासून देतो म्हणत होते, पण हे पत्र त्यांना दाखवण्यासारखं नाही.)

तर तुमची लेक बारकी तुमच्याकडे आली आहे. 'सुट्टी काढली' एवढंच म्हणाली असेल. भिंतीकडे तोंड करून पडली असेल. जेवायला बोलावलं की 'भूक नाही' म्हणत असेल आणि तुम्ही पाठ फिरवली की डब्यातलं काहीतरी तोंडात टाकत असेल. तुम्ही खोदून खोदून विचारलं असेल, तिनं सांगितलं नसेल, आणि तुम्ही भावोजींच्या कानात म्हणाला असाल की नक्की कुठल्यातरी मुलाचं लफडं आहे. वन्सं, मुलाचं काही नाही. दाराचं आहे. आणि ते दार मी लावलं.

आता पहिल्यापासून सांगते. माझं खातं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही चारचौघींत 'आमची भावजय त्या थीम पार्कमध्ये असते' एवढं सांगून लगेच हवापाण्यावर येता, तेही मला माहीत आहे, आणि त्याचा मला राग नाही. पार्कमध्ये परीकथेचं गाव म्हणून एक भाग आहे. तिथं छत्रीएवढ्या अळंब्यांची घरं, पाणी उडवणारा मासा, बिस्किटाच्या रंगाचे रस्ते, आणि या सगळ्याच्या मधोमध माझी इमारत. पाटीवर स्वच्छतागृह लिहिलेलं असतं, मी संडास म्हणते, लोकंही तेच विचारतात. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मध्ये माझी बादल्या-फिनेलची खोली, वर निळा पत्रा आणि पत्र्यावर काळी टाकी. सगळे त्याला डबा म्हणायचे. इतकी वर्षं त्या डब्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण मागल्या वर्षी पार्कवाल्यांनी उडत्या होड्या आणल्या. त्या होड्या वरून जातात, आणि वरून लोकांना काय दिसायचं, तर परीकथेचं सुंदर गाव, आणि गावाच्या मधोमध निळा पत्रा, काळी टाकी आणि वाळत घातलेली माझी पुसणी. लोकांच्या प्रत्येक फोटोत माझी पुसणी. वरून हुकूम आला की डब्याचं रूप बदला. आतली मोडतोड कमीत कमी, बाहेरून मात्र गावात शोभलं पाहिजे. आणि हे काम कुणाला मिळालं, तर तुमच्या लेकीला. पार्कच्या बांधकाम खात्यात लागल्यानंतरचं तिचं पहिलं काम, आणि तेही मामीच्या संडासाचं. मला वाटलं ती नाक मुरडेल. ती पठ्ठी टेप गळ्यात अडकवून तिसऱ्या दिवशी हजर, आणि सगळ्यांच्या देखत 'मामी, आधी तुम्ही सांगा, तुम्हाला इथं काय त्रास होतो?' असं विचारलं. वन्सं, माझं वाटोळं तिथंच झालं. मला आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावर थांबायचं कुठं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तिनं काय काढलं असेल? गोगलगाय! पुठ्ठ्याची छोटी गोगलगाय करून आमच्या घरी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. पाठीवरच्या शंखात आपली इमारत, शंखाच्या आत टाकी लपलेली, वर दोन शिंगं, शिंगांच्या टोकाला दिवे. पुसणी वाळवायला मागच्या बाजूला भिंतीआड जागा. (ती मी मागितली होती. तिनं लक्षात ठेवली.) आणि आत जायची वाट शंखासारखी वळत जाणारी. म्हणाली की इथून आत शिरायचं, एक वळण घ्यायचं, मग डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. वळणामुळे बाहेरून आतलं काही दिसत नाही, म्हणून दाराची गरजच नाही. ओल्या हातांनी कुणी कडी धरायला नको, लहान मुलांची बोटं चेमटायला नकोत, वारा खेळता राहतो आणि चाकाची खुर्ची अलगद आत जाते. मी सगळं ऐकत होते, म्हणजे तिचं संपायची वाट बघत होते. संपल्यावर मी विचारलं, 'दार कुठाय?' ती म्हणाली, 'दार नाही मामी. वळणच दार आहे.' मी म्हटलं, बाई, दार नसलेल्या जागेला बोगदा म्हणतात, आणि बोगद्यात माणसं काय करतात ते मला माहीत आहे, कारण ते मीच धुते.

ती रागावली नाही. हा तुमच्या घराण्याचा गुण नाही, कुठून उचलला कोण जाणे. तिनं आमची बैठकीची खोली मोकळी केली, खडूनं जमिनीवर ते वळण आखलं, खुर्च्यांना चादरी बांधून भिंती केल्या आणि तुमच्या बंधूंना चाकांच्या खुर्चीत बसवून त्यातून ढकलत नेलं. ते अगदी फ्रीजपर्यंत कुठेही न घासता गेले. मग म्हणाले, 'पुन्हा एकदा, मला नीट कळलं नाही.' त्यांना सगळं कळलं होतं, गुडघ्यांशिवाय फिरायला मिळालं म्हणून खूश होते. मीही मान डोलवली. पण वन्सं, माझी मान आणि माझं डोकं यांचा फारसा संबंध नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मनात मी एकच म्हणत होते, कालची पोर मला संडास शिकवते.

काम सुरू झालं. बारकी मला मामी म्हणायची म्हणून गवंडी, फरशीवाला, रंगारी, सुतार सगळे मला मामी म्हणायला लागले. 'मामी, बादली कुठे ठेवू', 'मामी, इथं उतार पुरेल का', 'मामी, चहा'. असं दिवसभर मामी मामी ऐकलं की माणसाला वाटायला लागतं की इमारत आपणच बांधतोय. मी फरशीवाल्याला पांढऱ्याऐवजी करडी फरशी लावायला लावली. बारकीनं पाहिलं आणि म्हणाली, बरोबर आहे, डाग दिसणार नाहीत. मी रंगाऱ्याला सांगून गोगलगायीच्या डोळ्यांना पापण्या काढून घेतल्या. चांगल्या लांब, वर वळलेल्या. बारकी त्या पापण्यांकडे बराच वेळ बघत राहिली, मग तोंडावर हात धरून हसली, आणि राहू द्या म्हणाली. खरं म्हणजे तिथंच तिनं मला झापायला हवं होतं. फरशी झाली, पापण्या झाल्या, आता माझा हात कोण धरणार?

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बारकी शिंगांचे दिवे आणायला बाहेरगावी गेली. सुतार रिकामा बसला होता. आणि त्याच दिवशी सकाळी मी पार्कच्या गोदामात फिनेल आणायला गेले असताना तिथं एक दार पाहिलं होतं. जुनं भूतघर पाडलं ना, त्याचं. काय दार होतं वन्सं! माझ्या दीडपट उंच, वर लोखंडी पट्ट्या, मधोमध जबडा वासलेलं तोंड आणि तोंडात कडी. असं दार धूळ खात पडलंय आणि माझी इमारत उघडीबोडकी उभी आहे, हे मला बघवेना. मी सुताराला सहज म्हटलं की इथं एखादं दार असतं तर शोभा आली असती. बस्स, सहज म्हटलं. आणि दार आपलं आपण मिटावं म्हणून मागे स्प्रिंग असलेली बरी, हेही सहज म्हटलं. संध्याकाळपर्यंत गोगलगायीच्या तोंडाला दार बसलं. मी लांब जाऊन पाहिलं, जवळ येऊन पाहिलं. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या घराच्या दाराचा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पार्क उघडायच्या वेळी पहिली बाई आली, तिनं कडी धरून ढकललं, आणि दार हसलं. खोटं नाही सांगत. भूतघरातलं दार ते, त्याच्या आत हसण्याचं यंत्र होतं, दार हललं की खो खो करून हसायचं. बसवताना ते एकदाही हसलं नाही, म्हणून त्याची बॅटरी मेली असेल असं सुताराला वाटलं होतं, मलाही वाटलं होतं. मेली नव्हती, नुसती ढिली होती, स्प्रिंगच्या हिसक्यानं जागेवर बसली. ती बाई किंचाळली, मग हसली, आणि तिनं नवऱ्याला हाक मारली, पोरांना हाक मारली. तुम्ही त्या पार्कमध्ये कधी आला नाहीत म्हणून सांगते. तिथं माणसं मोठं दार दिसलं आणि त्याच्यापुढे चार डोकी उभी दिसली की काही न विचारता मागे उभी राहतात. बघता बघता रांग पाणी उडवणाऱ्या माशापर्यंत गेली. बाप खांद्यावर पोरं घेऊन उभे, हातात तिकिटं धरून. ज्यांना खरोखर जायचं होतं ते बिचारे रांगेच्या शेपटाला, पायावर पाय आवळून. आत येणारे लोक इकडेतिकडे बघायचे, वर छताकडे बघायचे. एक काका बेसिनसमोर हाताची घडी घालून उभे राहिले आणि मला म्हणाले, 'सुरू कधी होतं?' मी म्हटलं, काय सुरू व्हायचं? नळ फिरवा, सुरू होतं. एक बाई बाहेर पडताना नवऱ्याला सांगत होती, 'काही नाही हो, नुसतं संडास आहे. पण केलंय अगदी हुबेहूब.'

इथपर्यंत मला गंमत वाटत होती, हेही कबूल करते. मग बारकी आली. हातात दिव्यांचं खोकं. तिनं दार बघितलं. खोकं खाली ठेवून टेप काढतच ती दाराकडे धावली, पण तेवढ्यात पार्कचे मालक आले. स्वतः मालक, चाकाच्या खुर्चीत त्यांची म्हातारी आई, मागे मॅनेजर. आईंना इमारत दाखवायला आणलं होतं असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांना ती वापरायची होती, तीही तातडीनं. मालकांसाठी लोकांनी रांग सोडून वाट दिली. बारकी 'थांबा, थांबा' म्हणत होती, पण दार हसलं आणि त्यात तिचा आवाज बुडाला.

काय झालं ते आता साध्या शब्दांत सांगते, मला तरी ते फार उशिरा कळलं. दार आतल्या बाजूला उघडतं. आतली भिंत वळलेली. दार अर्धं उघडलं की भिंतीला टेकतं आणि तिथंच थांबतं. धडधाकट माणूस अंग चोरून शिरतो, खुर्ची कशी शिरणार? मालकांनी जोर लावला, पुढची चाकं आत गेली, आणि मी हौसेनं बसवलेल्या स्प्रिंगनं दार खुर्चीवर दाबून धरलं. पुढे जाईना, मागे येईना. मालक खुर्ची हलवत होते, खुर्ची हलली की दार हलत होतं, दार हललं की हसत होतं. आणि दार हसलं की मागची रांग हसत होती, टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं हा खेळातलाच भाग आहे, म्हातारीही पार्कनंच ठेवली आहे. मी त्यांच्या आधीच आत शिरले होते, आतल्या बाजूनं दार ओढत होते. आई माझ्यापासून हातभर अंतरावर. आधी त्या मालकांवर ओरडल्या, मग लोकांवर ओरडल्या, 'अरे मला जायचंय, बघायचं नाही!' लोक आणखी हसले. मग त्या ओरडायच्या थांबल्या. मान खाली घातली आणि पदर चेहऱ्यावर ओढला. मला ते थांबणं ऐकू आलं वन्सं. पुढचं लिहीत नाही. तुम्ही बाई आहात.

सुतार पळत आला, त्यानं बिजागऱ्यांच्या खिळ्या उपसल्या, दार हसत हसत आडवं पडलं. मी आईंना आत नेलं, आतल्या संडासाचा दरवाजा लावून घेतला, पाणी कोमट करून सगळं नीट केलं. माझ्याकडे माझ्या कामाच्या कपड्यांची धुतलेली जादा जोडी होती, निळी, पाठीवर पार्कचं नाव लिहिलेली, ती त्यांना घातली. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, 'तू होतीस म्हणून अब्रू राहिली गं.' मी हात सोडवून घ्यायला बघत होते आणि त्या सोडत नव्हत्या. बाहेर खुर्ची ढकलत नेत होते तर एका बाईनं माझे निळे कपडे त्यांच्या अंगावर पाहिले आणि त्यांनाच म्हणाली, 'मावशी, तिकडे साबण संपलाय.' आई तिला म्हणाल्या, 'सांगते हं.' आणि मान वळवून खरंच मला सांगितलं. अशी बाई, वन्सं. अशा बाईला मी दारात अडकवलं.

मग त्याच गोगलगायीसमोर, आडव्या पडलेल्या दाराशेजारी, मालकांनी सगळ्यांना उभं केलं. आधी माझं कौतुक केलं. मग विचारलं, हे दार कुणी लावायला सांगितलं? सुतार म्हणाला, मॅडमचा निरोप होता. सगळे बारकीकडे वळले. बारकी माझ्याकडे बघत होती. रागानं बघितलं असतं तर मी बोलले असते, मला भांडायला एवढंसं निमित्त पुरतं. पण ती तशी बघत नव्हती. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून कपबशी फुटली की आपण कसं पटकन दुसरीकडे बघतो, तसं बघून तिनं नजर काढून घेतली आणि म्हणाली, 'हो. माझी चूक झाली.'

आणि मी गप्प बसले. मी! जिनं बँकेतल्या साहेबाला काचेच्या खिडकीतून हात घालून जागं केलं. जिनं डॉक्टरला, तुम्ही आधी स्वतःचा खोकला बरा करा, असं सांगितलं. तुमच्या मोठ्या जावेच्या घरभरणीला, न्हाणीघराचा उतार उलटा आहे हे मी पाहुण्यांच्या पंगतीत उठून सांगितलं होतं, तुम्ही अजून विसरला नाहीत. त्या माझ्या तोंडाला त्या दिवशी कुलूप. मनात म्हणत होते की आत्ता बोलते, मालकांचं वाक्य संपलं की बोलते. मालकांची वाक्यं संपत गेली. चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेल्या जागेत खुर्ची अडकते, एवढंही ज्याला कळत नाही त्याला कशाला ठेवायचं, असं ते म्हणाले. बारकीनं खडूनं आखून, तिच्या मामाला बसवून बघितलेलं ते वळण, आणि तिला हे ऐकावं लागलं. तिच्याकडे पाणपोई आणि हरवलेल्या मुलांची खोली अशी आणखी दोन कामं यायची होती, ती काढून घेतली. मॅनेजर महिनाअखेरीला तिच्याबद्दल वर कळवणार आहे, मग ठेवायचं की नाही ते ठरेल. ती दिव्यांचं खोकं रंगाऱ्याच्या हातात देऊन, कुठला दिवा कुठल्या शिंगाला ते समजावून, तुमच्याकडे निघून आली.

आणि माझं काय झालं? मला या महिन्याची उत्तम कर्मचारी केलं. फोटो काढला, मोठा केला, काचेत घातला आणि गोगलगायीच्या भिंतीवर, पापण्यांच्या बरोबर खाली लावला. भिंत पुसायचं काम माझंच. रोज सकाळी मी ओल्या फडक्यानं माझं स्वतःचं तोंड पुसते.

दार आता नाही. वळण मोकळं आहे. परवा एक बाप चाकाच्या खुर्चीतल्या मुलीला घेऊन आला, बोलता बोलता आत गेला, बोलता बोलता बाहेर आला, वाटेत काही होतं हे त्याला कळलंसुद्धा नाही. मी तिथं पुसणं धरून उभी होते. जे तिला करायचं होतं ते हेच होतं, आणि मी त्याला बोगदा म्हटलं होतं.

तेव्हा वन्सं, मी ठरवलं आहे. उद्या मॅनेजरकडे जाते आणि सगळं सांगून टाकते. तोवर बारकीला काही विचारू नका, पोटभर खायला घाला, आणि मुलाबिलाचं काही मनात आणू नका. माझा राग राग कराल तो योग्यच आहे, पण भावोजींना सांगताना थोडं सौम्य करून सांगा, एवढीच विनंती. चुकलंमाकलं माफ करा, हे एरवी पत्राच्या शेवटी लिहायचं म्हणून लिहितात. मी लिहायचं म्हणून लिहीत नाही.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. पत्र बंद केलं नव्हतं ते बरं झालं. मॅनेजरकडे जाऊन आले. दारातच सांगितलं, 'साहेब, दार मी लावलं.' त्यांनी मला बसवलं. (त्यांच्या खोलीतल्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसले, ती फार खोल आहे, उठता येत नाही.) पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, 'मामी, भाचीवर तुमचा जीव आहे, मला कळतं. पण सुतार सांगतो मॅडमचा निरोप होता, मॅडम स्वतः सांगतात माझी चूक, आणि तुम्ही म्हणता तुम्ही. मी कुणाचं खरं मानू?' मी म्हटलं, माझं माना, मी खोटं बोलत नाही. तर म्हणाले, अशी मामी सगळ्यांना मिळो. वन्सं, मी आयुष्यभर खरं बोलून लोकांची मनं दुखावली, तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. आता खरं बोलले तर डोळ्यांत पाणी आणून मला दारापर्यंत पोचवायला आले.

ता. क. वर मी सुताराला 'सहज म्हटलं' असं लिहिलं आहे. ते खोडणार होते, पण खोडलं की कागद फाटतो, म्हणून इथं लिहिते. सहज म्हटलं नव्हतं. सुतार नाही म्हणत होता. मॅडमच्या नकाशात दार नाही, म्हणत होता. तेव्हा मी म्हटलं, 'मॅडमचाच निरोप आहे, संध्याकाळपर्यंत बसलं पाहिजे.' तुमच्या लेकीचं नाव मी घेतलं. त्यामुळे सुतार खोटं बोलला नाही, आणि म्हणूनच माझं कुणी खरं मानत नाही. मी त्यालाही गाठलं, म्हटलं साहेबांना सांग की निरोप माझ्या तोंडून आला. तो म्हणाला, 'मामी, तुमचा एक निरोप घेतला तो पुरे झाला, दुसरा नको.' त्याचंही बरोबर आहे.

ता. क. आता ज्यासाठी एवढे कागद भरले ते लिहिते. बारकी खरं काय ते सांगेल तरच मॅनेजर ऐकतील, आणि बारकी सांगणार नाही. मोठ्यांना चारचौघांत तोंडघशी पाडायचं नाही, असं तुम्ही तिला लहानपणापासून शिकवलंत. चांगलं शिकवलंत, पण ते माझ्यापुरतं मागे घ्या. माझ्या नोकरीचं काय, असं ती म्हणेल. तिला सांगा की पुसायला फरशी कुठेही मिळते, पहिलं काम पुन्हा पहिलं मिळत नाही. तरीही ती तयार झाली नाही तर, आणि मला माहीत आहे की ती होणार नाही, तुम्ही स्वतः या. महिनाअखेरीच्या आत या. मॅनेजरच्या खोलीत बसा आणि माझ्याविषयी सांगा. मी किती हट्टी आहे, दुसऱ्याच्या कामात कशी नाक खुपसते, कुणाचं ऐकून घेत नाही, लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या घराला काय काय भोगावं लागलं, सगळं सांगा. इतकी वर्षं माझ्या पाठीमागे नातेवाइकांना सांगत आलात, आणि आजवर एकानंही त्यावर अविश्वास दाखवलेला नाही. तुमच्याइतकं पटवून सांगणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. मी बाजूला उभी राहीन आणि प्रत्येक वाक्याला 'खरं आहे' म्हणेन.